एका काठीचा रस्ता

मी आफ्रिकेत रेल्वेचा इंजिनियर होतो, असं भोरमध्ये अजूनही सांगितलं जातं. ते खरं नाही. पुण्याहून ओव्हरसियरची परीक्षा पास होऊन मी मोंबाशाला गेलो आणि तिथं माझ्या हुद्द्यात 'इंजिनियर' हा शब्द कधी आला नाही. तो गोऱ्यांसाठी राखून ठेवलेला होता, स्टेशनवरचे काही बाक राखलेले असत तसा. पण रजेवर निघालो की बोट मुंबईच्या जवळ येईल तसा माझा हुद्दा वाढू लागे. मुंबईच्या धक्क्यावर मी असिस्टंट इंजिनियर होई, पुण्यात इंजिनियर, आणि कात्रजचा घाट उतरून भोरला पोचेपर्यंत 'आफ्रिकेची रेल्वे चालवणारे आपले रावसाहेब' होऊन बसे. सुरुवातीला मी दुरुस्ती करत असे. पुढं सोडून दिलं. आपलं मोठेपण कमी करायला गेलं तर लोकांना तो विनय वाटतो आणि ते आणखी वाढवतात.

काम रुळांच्या देखभालीचं होतं. माझ्या वाट्याच्या टापूत ट्रॉलीवर बसून फिरायचं, बोल्ट सैल झालेत का पाहायचं, वळणावर रुळांमधलं अंतर तपासायचं, पावसात वाहून गेलेला भराव पुन्हा घालून घ्यायचा. तिकडची वाळवी लाकडाचं काही शिल्लक ठेवत नाही, म्हणून रुळांखालचे स्लीपरसुद्धा लोखंडाचे. ट्रॉली ढकलणारे तिथले मजूर गाणं म्हणत तापल्या रुळावरून अनवाणी धावत आणि मी छत्री उघडून वर बसलेला असे. त्या चित्रात माझी जागा फारशी शोभेची नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. गोरा साहेब माझ्या डोक्यावर, मी त्या मजुरांच्या डोक्यावर. साम्राज्य म्हणजे काय हे समजायला मला इतिहासाची पुस्तकं लागली नाहीत.

त्या सगळ्या मांडणीत एकच वस्तू मला मनापासून आवडली. ती म्हणजे काठी. आमचा फाटा एकेरी होता. जायला आणि यायला तेच रूळ. समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून प्रत्येक दोन स्टेशनांच्या मधल्या टप्प्यासाठी एक काठी केलेली असे. हातभर लांब, तिच्यावर पितळी पट्टी, आणि पट्टीवर त्या दोन स्टेशनांची नावं. काठी ज्या ड्रायव्हरच्या हातात, त्यानंच त्या टप्प्यात शिरायचं. काठी पलीकडच्या स्टेशनात असेल तर अलीकडची गाडी थांबणार. दुसरी काठी नाही, म्हणून दुसरी गाडी नाही. यात समजायला अवघड असं काही नाही, असं मला त्या वेळी वाटे.

एकदा एका बड्या अधिकाऱ्याची खास गाडी आमच्या स्टेशनात येऊन उभी राहिली. फलाटावर लाल जाजम, पताका, बँड. आणि काठी पलीकडं. पलीकडून गुरांनी भरलेली मालगाडी निघालेली होती. अधिकाऱ्याचा सेक्रेटरी खाली उतरला, स्टेशनमास्तरशी आधी गोड बोलला, मग मोठ्यानं बोलला. आमचा स्टेशनमास्तर गोव्याचा. त्यानं टोपी काढून हातात धरली आणि प्रत्येक वाक्याला 'येस सर' म्हणत राहिला. सिग्नल मात्र पाडला नाही. बँडवाल्यांना येत होत्या तेवढ्या सगळ्या चाली वाजवून झाल्या, तेव्हा त्यांनी पहिलीपासून पुन्हा सुरुवात केली. मग हंबरत मालगाडी आली, तिच्या ड्रायव्हरनं काठी दिली, आणि शेणाच्या वासातून अधिकाऱ्याची स्वारी पुढं गेली. दरबार, बिल्ले आणि वाजंत्री यांना भीक न घालणारी वस्तू मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली होती. त्या दिवशी मी फार खुशीत जेवलो.

दुसऱ्या लढाईच्या आधी काही वर्षं मी लांब रजा घेऊन भोरला आलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. गावात माझ्या सत्काराची कमिटी निघाली. अध्यक्ष एक निवृत्त वकील होते. त्यांनी माझी ओळख करून देताना मी न पाहिलेल्या दोन रेल्वे माझ्या नावावर चढवल्या आणि वाफेच्या शक्तीपेक्षा बुद्धीची शक्ती कशी श्रेष्ठ यावर बोलत राहिले. शेवटी सगळ्यांच्या मनातला प्रश्न त्यांनीच विचारला. भोरला रेल्वे कधी येणार?

मी म्हणालो, "आगगाडीला चढ सोसत नाही, आणि आपल्याकडं चढ सोडून दुसरं काही नाही. आहे तो मोटाररस्ता नीट ठेवला तरी पुष्कळ होईल."

अध्यक्षांनी माझ्या आशादायक विचारांबद्दल आभार मानले. मागच्या रांगेत एकच माणूस हसला. सभा संपल्यावर तोच दाराशी माझी वाट पाहत उभा होता.

मी त्याला ओळखत होतो. पालीकडच्या शेतकरी घरातला, माझ्याहून थोडा मोठा. पहिल्या लढाईत तो लष्करात मोटार चालवायला शिकला आणि थेट बसऱ्यापर्यंत जाऊन आला. समुद्र आम्ही दोघांनीही ओलांडला होता. त्याच्या सत्काराची कमिटी कुणी काढली नव्हती. आता तो भोरहून वेल्ह्याला उतारू नेणारी सर्व्हिस मोटार चालवत होता.

"रावसाहेब, हार सुकायच्या आत एक काम हाय," तो म्हणाला.

"बोला, दादा."

"तुमी तिकडं आगगाड्या समोरासमोर यिऊ देत न्हाई म्हनं."

"मी कोण? तिथं एक काठी असते. ती येऊ देत नाही."

"मंग ती काठी हिकडं आना. न्हाईतर म्या गाडी सोडली म्हनून समजा."

मग त्यानं सांगितलं. नसरापूरवरून वेल्ह्याकडं जाताना एका ठिकाणी डोंगर नदीच्या अंगावर येतो. रस्ता तिथं कड्याच्या पोटातून खोदलेला, एका गाडीपुरता, आणि मधोमध असं वळण की पलीकडचं काही दिसत नाही. कड्याच्या अलीकडं एक गाव आहे, पलीकडं एक. त्यांची नावं मी लिहीत नाही, कारण दोन्हीकडं अजून माझं जेवणखाण आहे. खालचं आणि वरचं म्हणू. थोड्या दिवसांपूर्वी त्या वळणावर भातानं भरलेली बैलगाडी मोटारीसमोर आली होती. गाडीवान उडी टाकून वाचला. एक बैल नदीत गेला.

"त्याचं वरडनं आजून कानात हाय," तो म्हणाला. "बायकू म्हनती, ऱ्हाऊ द्या मोटार, दोन पायल्या कमी खाऊ. मला गाडी सोडवंना. आन त्या रस्त्याला दुसरा कोन येतोय? पन मराया बसलो न्हाई मी चाकामागं."

हे खरंच होतं. तो उतरला असता तर ती मोटार बंद पडली असती. वेल्ह्याच्या आजारी माणसाला पुन्हा डोली किंवा स्वतःचे पाय. आणि तो उतरला नाही तर त्या वळणावर रोज त्याचा जीव टांगणीला. मी काठी करून द्यायचं कबूल केलं.

भोरच्या सुताराकडून बाभळीची काठी घडवून घेतली. पितळी पट्टी बसवून तिच्यावर दोन्ही गावांची नावं कोरली. रेल्वेची पद्धत अशी की, मुख्य स्टेशनापासून जाताना आधी लागतं ते नाव वर. भोरकडून जाताना खालचं गाव आधी लागतं, म्हणून ते वर आलं आणि वरचं गाव खाली. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. खालच्या गावात काठी लोहाराच्या भात्यापाशी ठेवायची, वरच्या गावात म्हाताऱ्या पाटलांच्या ओट्यावर. चाकाच्या वाहनाला काठी पाहिजे. पायी माणूस आणि सुटी गुरं मोकळी. काठी पलीकडं राहिली असेल तर चालत येणाऱ्या कुणाच्याही हाती ती मागवून घ्यायची. दोन्ही गावांत मी हे समजावून सांगितलं. वरच्या गावच्या पाटलांनी डोळे मिटून ऐकलं आणि एकच विचारलं.

"आन काठी आमच्याकडं नसंल तवा?"

"थांबायचं."

"कुनासाठी?"

"खालच्या गावाकडून काठी येईपर्यंत."

पाटलांनी मान हलवली. तो होकार आहे असं मी समजलो.

काठीचं काम छान चाललं. आधी वळणापाशी आला की ड्रायव्हर मोटार गोगलगाईसारखी चालवी, मान बाहेर काढून, दर हाताला भोंगा वाजवत. आता लोहाराकडून काठी घेतली की तो ती मांडीशी ठेवी आणि कडा सपाट रस्त्यासारखा पार करी. मी एकदा त्याच्या शेजारी बसून गेलो तेव्हा तो चक्क गुणगुणत होता. आफ्रिकेत शिकलेली एक गोष्ट आपल्या माणसांच्या उपयोगी पडली, याचं मला बरं वाटलं. रेल्वेनं नाही तरी काठीनं भोरचं भलं केलं, असं एक वाक्यही मनात जुळवून ठेवलं. पुढच्या सत्कारासाठी असावं.

लग्नसराईत एका सकाळी काठी घेऊन तो कड्यात शिरला. वळण घेतलं तर समोर वरच्या गावचं वऱ्हाड. बैलगाडी, झूल घातलेले बैल, वर बाया, मागं पागोटेवाले. त्यानं ब्रेक असा दाबला की मोटारीचं मागचं चाक कडेची माती घेऊन घसरलं आणि एका दगडाला अडून थांबलं. तो दगड तिथं कुणी ठेवला नव्हता. मुळातच तिथं होता.

पुढचं मला मोटारीतल्या लोकांनी नंतर सांगितलं. ड्रायव्हरनं खिडकीतून काठी वर करून दाखवली. तेव्हा बैलगाडीवानानंही आपली काठी वर केली. दोघंही एकमेकांकडं बघत काठ्या धरून राहिले. शेवटी वऱ्हाडातली एक म्हातारी म्हणाली, "आता खेळा दोगं लेजीम. नवरीला आमी चालत नेतो." मग बैल सोडले आणि पागोटेवाल्यांनी गाडी ढकलत मागं नेली.

संध्याकाळी ड्रायव्हर माझ्याकडं आला आणि माझी काठी माझ्यासमोर ठेवली.

"ही घ्या तुमची. दुसरी त्यांच्याकडं हाय. तुमच्यापरीस झाक हाय, घुंगरं लावल्यात."

"बसा, दादा."

"बसत न्हाई. आदी मला ठावं हुतं की समोरनं काय बी यिल, म्हनून जीव मुठीत धरून जायाचो. तुमी मला बिनघोर केलं, रावसाहेब. भ्यालेला मानूस बरा, त्यो हळू जातो."

इतकी वर्षं काम करताना माझ्यापुढं ही गोष्ट इतक्या थोडक्यात कुणी मांडली नव्हती. नुसता धोका असतो तेव्हा माणूस जपून असतो. धोका टळल्याची खात्री मिळाली आणि ती खात्री खोटी निघाली, तर तो आधीपेक्षा वाईट ठिकाणी उभा असतो. मी म्हणालो, "उद्या माझ्याबरोबर वरच्या गावी चला. नंतर काय ते ठरवा."

दुसऱ्या दिवशी पाटलांच्या ओट्यावर ती दुसरी काठी होती. शिसवीची, दोन्ही टोकांना पितळ, हळदीकुंकू लावलेली. पाटलांना तिच्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

"पाटील, ही कशाला केलीत?"

"खालच्यांकडं हाय, मंग आमच्याकडं का नगं?"

"ती त्यांची नाही. दोन्ही गावांत मिळून एक आहे."

"मिळून हाय तर वर नाव कुनाचं?"

मी रेल्वेची पद्धत सांगितली. मुख्य स्टेशन, आधीचं, नंतरचं.

"पद्धत आसंल. पन आमच्या हितं पावना निघाला की त्याला रोज म्हनायचं, बसा, काठी खालच्यांकडं हाय. सोयरीक जुळवाया आलेली मान्सं बी म्हनली, पाटील, तुमच्या गावाला खालच्यांच्या हुकमाबिगर निगता येत न्हाई का? आता सांगा, काठी करू न्हाई तर काय करू?"

काठी एकच असण्यातच तिचा सगळा अर्थ आहे, हे मी बराच वेळ समजावत राहिलो. उदाहरणं दिली. जमिनीवर रेघा ओढून दाखवल्या. पाटील सभ्यपणे ऐकत होते. ड्रायव्हर भिंतीला टेकून विडी ओढत होता. आतून पाटलीणबाई म्हणाल्या, "आवं, त्या पावन्यास्नी च्या तरी द्या. घसा बसंल त्यांचा."

चहा पिताना मला ते स्टेशन आठवलं. आमचा स्टेशनमास्तर त्या दिवशी निश्चिंतपणे थांबू शकला, कारण थांबण्यात त्याचं जात काही नव्हतं. त्याला थांबण्याचाच पगार होता. बँड बड्या अधिकाऱ्याचा, अपमान अधिकाऱ्याचा, आणि मी बाजूला उभा राहून मजा पाहणारा. इथं मात्र थांबणाऱ्याच्या दारात सोयरे बसलेले होते. मान कुणाला नको असतो, हे मला दुसऱ्याच्या मानाला हसताना कधी सुचलं नव्हतं. आणि जिला मानपान कळत नाही म्हणून मला काठी इतकी आवडायची, तिला या दोन गावांनी देवळातल्या मानाच्या काठ्यांच्या पंगतीत नेऊन बसवलं होतं.

मी म्हणालो, "काठी चौकोनी घडवून घेतो. एका अंगाला तुमचं नाव, त्याच्या पाठच्या अंगाला त्यांचं. खालीवर काही नाही. आणि रोज शेवटची गाडी गेली की काठी मुक्कामाला तुमच्याकडं."

पाटलांनी विचार केला. "मुक्काम आमच्याकडं," ते पुन्हा म्हणाले. त्यांना तेवढं पुरलं. खालच्या गावच्या लोहाराला विचारलं तर तो म्हणाला, "न्या की. रातच्याला ती काय माझा भाता वडती व्हय?"

मी समजलो की काम झालं. ड्रायव्हरनं विडी विझवली.

"नावं कुटं बी कोरा," तो म्हणाला. "उद्या तिसरी निगाली तर? मला बेलभंडार पायजे. दोनी गावांनी उचलायचा."

बेलाचं पान आणि देवाचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द आमच्या मुलखात मोडत नाहीत. कोर्टात खोटं बोलणारी माणसंही तिथं बिचकतात. कड्याच्या तोंडाशी एक लहान देऊळ आहे. ठरल्या दिवशी तिथं दोन्ही गावं जमली. पाटलांनी बेलभंडार उचलला, लोहारानं उचलला, गाडीवानांनी उचलला. काठी एकच, दुसरी घडवणार नाही, काठीबिगर चाक कड्यात घालणार नाही. मग ड्रायव्हर माझ्याकडं वळला.

"आता तुमी."

मी देव मानत नाही, हे सगळ्या भोरला ठाऊक होतं. सत्काराच्या भाषणात तेवढाच एक तपशील वकिलांनी गाळला होता. मी हळू आवाजात म्हणालो, "दादा, माझ्या शपथेला काय अर्थ आहे? मी यातलं काही मानत नाही."

"ते ठावं हाय. म्या देवाला इचारत न्हाई, तुमाला इचारतुया. काठी तुमी काडली. दुसरी निगाली तर माझा जीव जातोय, तुमचा न्हाई."

दोन्ही गावं माझ्या हाताकडं बघत होती. तिकडं नोकरीला लागताना नियमांच्या जाड पुस्तकावर मी न वाचता सही केली होती. सगळेच करत. तरीही दुसरी काठी तिथं कुणी केली नाही, ती काय पितळ मिळत नव्हतं म्हणून? तिथंही सगळ्यांनी मिळून एक गोष्ट धरून ठेवली होती, एवढंच. फक्त तिथं तिला रेल्वेखातं म्हणत, इथं देव. मी भंडारा उचलला. जे मानतच नाही त्याची शपथ घेतली, ती खरी म्हणायची की खोटी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिच्यातल्या शब्दाबद्दल मात्र माझ्या मनात शंका नव्हती.

राहिली घुंगरांची काठी. तिची पूजा झालेली असल्यामुळं ती जाळता येईना, मोडता येईना. मग तिचं नदीत विसर्जन करायचं ठरलं. ढोल आले, हलगी आली, पाटलांनी फेटा बांधला. लाकूड पाण्यावर तरंगतं आणि नदी खालच्या गावावरून जाते, एवढं मी हळूच सुचवलं. तेव्हा काठीला दगड बांधण्यात आला. माझ्या शिक्षणाचा त्या दिवशी एवढाच उपयोग झाला.

नवी काठी घेऊन मोटार पहिल्यांदा निघाली तेव्हा मी ड्रायव्हरच्या शेजारी होतो. लोहारानं काठी आणून दिली. ड्रायव्हरनं दोन्ही अंगं फिरवून पाहिली, मग इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि काठी खांद्यावर टाकून कड्याच्या रस्त्यानं एकटाच चालू लागला. वळणाआड दिसेनासा झाला. मागच्या बाकावर गुंजवण्याची एक म्हातारी बसली होती, भोरच्या दवाखान्यातून परत निघालेली. तिनं मला विचारलं, "का वं, काठी हाय न्हवं त्याच्याजवळ?"

"आहे की."

"शपत बी झाली?"

"झाली."

"मंग गेला कशाला?"

"पाहून यायला."

"बगावंच," ती म्हणाली आणि पदर सारखा करून बसली.

तो परत आला. चाकामागं बसला, आणि आम्ही सावकाश पलीकडं गेलो. पाटलांच्या ओट्यावर काठी दिली. पाटलांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

रजा संपेपर्यंत मी त्या मोटारीनं पुष्कळदा गेलो. प्रत्येक वेळी काठी हातात असून तो उतरला आणि वळण पाहून आला. ज्यांना घाई असे ते कुरकुर करत. मी करत नसे. आता याची गरज नाही, असं त्याला सांगायचं माझ्या जिभेवर एकदोनदा आलं. माझी तशी खात्रीच होती. पण मोटार तो चालवत होता, म्हणून मी गप्प बसून राहिलो.